पांढऱ्या कपड्यांतला वाटसरू

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकराचे पहिले काम नकाशा पाहण्याचे आणि दुसरे, त्या गावी मराठी मंडळी कितपत आहेत याचा तपास करण्याचे. बेंगळूरुचा हुकूम आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दुसरे काम आधी उरकून घेतले. तिथे गणपती बसतो, चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते आणि भाकरीची ज्वारी मिळते, एवढे कळताच त्यांनी सामानाची बांधाबांध सुरू केली. आम्ही मात्र इतिहासाचा आधार शोधला. आदिलशाहीच्या फौजांनी १६३८ मध्ये हे गाव गौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हा आपण परमुलखात चाललो नसून आपल्याच एका जुन्या ठाण्यावर रुजू होत आहोत, अशी आम्ही आमची समजूत घातली. घरापासून दूर नेमणूक झालेल्या माणसाला अशा समजुती फार उपयोगी पडतात.

राहायला जागा मिळाली ती शहराच्या उत्तर अंगाला, हेब्बाळास. एका बाजूस जुना तलाव आणि त्यावर उतरणारे झोळीवाले पक्षी, दुसऱ्या बाजूस पशुवैद्यक महाविद्यालयाची झाडी आणि मधून बळ्ळारीकडे जाणारा हमरस्ता. २००८ मध्ये विमानतळ देवनहळ्ळीकडे गेल्यापासून ज्याला कुणाला आकाशमार्गे जायचे आहे त्याला बहुधा आमच्या दारावरूनच जावे लागते. हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडण्यास किती वेळ लागेल हे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य आम्हाला अद्याप भेटलेला नाही. या पुलाचा उल्लेख आम्ही उगाच करीत नाही. पुढे सांगावयाची हकीकत त्याच्याच पायथ्याशी घडली.

येथील आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत दर महिन्याला एकाने काहीतरी बोलावे असा प्रघात आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर चिटणीस घरी आले आणि चहाचा पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले, "साहेब, या खेपेला तुम्ही. विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त अंदाजपत्रकावर नको." आम्ही फारसा विचार न करता 'इटलीचे स्वातंत्र्ययुद्ध' असा विषय सांगून टाकला. चिटणीसांना आनंद झाला. आम्हालाही झाला, कारण या विषयाची तयारी आमच्या बालपणीच होऊन गेली आहे अशी आमची खात्री होती.

मराठी माणसाचे आणि इटलीचे नाते पाहू गेल्यास मोठे विलक्षण आहे. ज्यांनी कधी रोम पाहिले नाही आणि पाहण्याची शक्यताही नव्हती, अशा आमच्या वाडवडिलांच्या तोंडी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे पंतोजींच्या नावांइतकी सहज असत. सावरकरांनी लंडनला असताना मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले. ते १९०७ मध्ये पुण्यात छापले गेले, हातोहात खपले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्याची एक प्रत जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली होती, अशी घरात आख्यायिका आहे. प्रत आम्ही पाहिलेली नाही, धोतर पाहिले आहे. शाळेत असताना मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर हे आम्हाला ब्रह्मा, विष्णू, महेशासारखे वाटत. एकाने विचार दिला, दुसऱ्याने तलवार दिली, तिसऱ्याने राजनीती दिली आणि १८६१ मध्ये इटली उभा राहिला. लढायांची नावे आम्ही पाढ्यांसारखी म्हणत असू. सोल्फेरीनो हे त्यांतलेच एक नाव. 'सोल्फेरीनो, १८५९, ऑस्ट्रियाचा पराभव.' एवढे लिहिले की पूर्ण गुण मिळत.

आणखी एक गोष्ट व्याख्यानात रंग भरील असे आम्ही मनाशी टिपून ठेवले होते. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे तात्या टोपे यांना फाशी देण्यात आले. त्यानंतर अकराच दिवसांनी, २९ एप्रिलला, ऑस्ट्रियाच्या फौजा तिचीनो नदी ओलांडून पिडमाँटच्या मुलखात शिरल्या. इकडे आमचे स्वातंत्र्ययुद्ध विझत असताना तिकडे त्यांचे पेटत होते. या वाक्यावर टाळ्या पडतील याविषयी आम्हाला शंका नव्हती.

व्याख्यानाला आठ-दहा दिवस असताना ती संध्याकाळ आली. एक बडे वरिष्ठ विमानाने यावयाचे होते आणि त्यांच्या स्वागतास विमानतळावर हजर राहण्याचे काम आमच्याकडे आले होते. पाऊस नुकता थांबला होता. रस्त्यावर तेलकट पाणी चकाकत होते आणि गाड्या मुंगीच्या पायांनी सरकत होत्या. पूल उतरून मार्ग जरा मोकळा होतो तेथे, रस्त्याच्या कडेला, एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. शेजारी एक तरुण पोरगा पडला होता. घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या पोरांच्या पाठीवर असते तसली मोठी चौकोनी पेटी बाजूला उघडी पडून तिच्यातले डबे चिखलात विखुरले होते. पोराचा एक हात हलत होता. पाच-सहा माणसे उभी होती आणि त्यांतले दोघे चित्रण करीत होते.

आमच्या चालकाने गाडीचा वेग कमी केला. आरशातून आमच्याकडे पाहत तो म्हणाला, "निल्लिसला, सार?" म्हणजे, थांबवू का?

आम्ही घड्याळाकडे पाहिले. विमान उतरावयास पस्तीस मिनिटे होती आणि विमानतळ अद्याप पंचवीसेक किलोमीटर दूर होता. आम्ही म्हणालो, "नको. माणसे आहेत तिथे."

एवढेच घडले. गाडी पुढे गेली. विमानतळावर पोहोचल्यावर कळले की विमानास पन्नास मिनिटे विलंब आहे. आम्ही खुर्चीवर बसून एक महागडा चहा घेतला. चालक बाहेर गाडीपाशी उभा होता. वरिष्ठ आले, त्यांनी आमच्या वक्तशीरपणाचे कौतुक केले आणि परतताना त्याच जागेवरून आम्ही गेलो. तिथे काही नव्हते. चिखलात एक डबा मात्र चेपून पडला होता.

घरी जेवताना आम्ही ही गोष्ट सौभाग्यवतींना सांगितली. त्यांनी भाजी वाढता वाढता विचारले, "तुम्ही थांबला असतात तर काय झालं असतं हो?" आम्ही म्हणालो, "उशीर झाला असता." त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

त्याच रात्री व्याख्यानाची टिपणे काढण्यासाठी आम्ही सोल्फेरीनोचे वर्णन वाचावयास घेतले. लढाईची हकीकत आमच्या 'पूर्ण गुणांच्या' वाक्यात मावणारी नव्हती. २४ जून १८५९, शुक्रवारचा दिवस. एका बाजूस फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन आणि पिडमाँट-सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल. दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रियाचा तरुण बादशहा फ्रान्झ जोसेफ. तिघेही मुकुटधारी जातीने आपापल्या सैन्याचे नायकत्व करीत होते. दोन्ही बाजू मिळून सुमारे तीन लाख माणसे त्या टेकड्यांत होती, आणि गंमत अशी की त्या दिवशी लढाई होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. ऑस्ट्रियन मागे हटले आहेत असे फ्रेंचांना वाटत होते. ऑस्ट्रियन मात्र मिंचिओ नदी ओलांडून परत पुढे आले होते. पहाटेच्या अंधुक प्रकाशात दोन सैन्ये वाटेत एकमेकांवर आदळली आणि पंधरा-वीस किलोमीटर लांबीच्या आघाडीवर रण पेटले.

मधोमध सोल्फेरीनोची टेकडी. तिच्यावरच्या जुन्या बुरुजाला लोक 'इटलीचा टेहळ्या' म्हणत, कारण तेथून सारा मुलूख दिसे. त्या टेकडीसाठी फ्रेंचांनी पुन्हा पुन्हा चाल केली. उत्तरेस सान मार्तीनोच्या चढावर पिडमाँटचे सैनिक तसेच वर चढत आणि मागे रेटले जात. फ्रेंचांच्या नव्या आटे पाडलेल्या तोफा लांबवर मारा करीत होत्या. जूनचे ऊन रणरणत होते, पोटात अन्न नव्हते आणि पाणी तर कुठेच नव्हते. दुपारनंतर प्रचंड वादळ आणि पाऊस आला. त्याच्या आडोशाने ऑस्ट्रियन सैन्य माघारी गेले. दिवसाअखेर मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंचे चाळीस हजारांच्या आसपास लोक कामास आले होते. घरच्यांना चाळीस हजार हा आकडा समजावा म्हणून आम्ही मनाशी हिशेब केला. आमचे सारे कार्यालय वरपासून खालपर्यंत मोजले तर दोनशे माणसे. अशी दोनशे कार्यालये एका दिवसात.

ज्या वाक्यापाशी आम्ही थबकलो ते निराळेच होते. त्या फ्रेंच सैन्यात माणसांच्या वैद्यांपेक्षा घोड्यांचे वैद्य अधिक होते असे इतिहासकार सांगतात. आमच्या खिडकीतून पशुवैद्यक महाविद्यालयाची झाडे दिसतात. जनावरांचा वैद्य ही थोर संस्था आहे हे आम्ही रोज सकाळी फिरताना मान्य करतो. परंतु घोडा विकत घ्यावा लागतो आणि शिपाई फुकट मिळतो, हा त्या वेळचा हिशेब त्या एका वाक्यात उघडा पडला होता.

आणि मग तो गृहस्थ आला. आंरी द्युनाँ, वय एकतीस, राहणार जिनीव्हा, धंदा व्यापार. हा डॉक्टर नव्हता, शिपाई नव्हता, पत्रकार नव्हता. अल्जीरियात त्याने पिठाच्या गिरण्या काढल्या होत्या. त्यांना जमीन आणि पाणी मिळेना, कचेऱ्यांत कागद फिरत राहिला. शेवटी कंटाळून हा थेट बादशहालाच गाठावयास निघाला होता. बादशहाची स्तुती करणारे एक पुस्तकही त्याने मुद्दाम लिहून, छापून बरोबर घेतले होते. उन्हाळ्याच्या प्रवासाचे पांढरे कपडे अंगात होते. वाचकहो, आम्ही सर्वजण नोकरीत मुरलेले आहोत. वरिष्ठाच्या भेटीस निघालेल्या माणसाच्या मनात काय काय चाललेले असते हे आपणांस सांगावयास नको.

लढाईच्या संध्याकाळी तो कास्तिल्योने नावाच्या जवळच्या गावात पोहोचला. त्या लहान गावात पुढील दोन-तीन दिवसांत हजारो जखमी आणून टाकण्यात आले. देवळे, मठ, शाळा, अंगणे भरली. रस्त्यांवर गवत पसरून माणसे निजवली. गावच्या मोठ्या देवळात शेकडो पडले होते आणि त्यांना पाणी देणारेही कोणी नव्हते. पाणी होते, अन्न होते. ते तोंडापर्यंत नेणारे हात नव्हते. द्युनाँने त्या देवळात कोट काढला. गावातल्या बायका, पोरी, प्रवासी, जो भेटेल त्याला कामास लावले. पोरांना बादल्या देऊन विहिरीवर पाठवले. आपली बग्गी ब्रेशाला पाठवून लिंबे, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या आणि तंबाखू मागवली. स्वतः जखमा धुतल्या आणि मरणाऱ्यांचे निरोप लिहून घेतले. ऑस्ट्रियनांच्या फौजेत हंगेरियन होते, झेक होते, क्रोएट होते. फ्रेंचांच्या फौजेत अल्जीरियाचे शिपाई होते. कोण कोणाच्या बाजूचा हे न पाहता सर्वांची सारखी सेवा व्हावी असे त्याने धरले. तेव्हा त्या गावच्या बायका म्हणू लागल्या, 'तुत्ती फ्रातेल्ली', सगळे भाऊच.

पुढे तो बादशहाच्या छावणीपर्यंत गेलाही. त्याच्या गिरण्यांचे काम झाले नाही ते नाहीच.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. तो बादशहाकडे निघाला होता; आम्हीही आमच्या लहानशा बादशहाकडे निघालो होतो. वाटेत त्यालाही माणसे पडलेली दिसली, आम्हालाही एक पडलेले दिसले. त्याच्यापुढे नऊ हजार होते आणि आमच्यापुढे एक होता. त्याला कामास लावण्यासाठी माणसे शोधावी लागली. आमच्या शेजारी एक मनुष्य आपण होऊन विचारीत होता, थांबवू का. पाढ्यातल्या सोल्फेरीनोशी आमचे जे नाते होते ते त्या रात्री संपले.

स्वतःचा बचाव करण्याची कला सरकारी नोकरास शिकवावी लागत नाही. आम्ही प्रथम कायद्याकडे धावलो. अपघातात मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागतो, साक्षीला खेपा घालाव्या लागतात, इस्पितळवाले पैसे मागतात, म्हणून भला माणूस थांबत नाही, असे आम्ही मनाशी म्हणालो. परंतु ही सबबसुद्धा आमची आम्हीच जाळून टाकलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालणार नाही असे ठरले. या विषयीचे परिपत्रक आमच्या कार्यालयात आले तेव्हा त्यावर 'सर्वांनी नोंद घ्यावी' असा शेरा लिहून खाली सही कोणी केली होती? सही आमची होती. सर्वांमध्ये आपण स्वतः येतो, हे सही करताना लक्षात आले नव्हते.

रविवारी सकाळी पाय मोकळे करावयास बाहेर पडलो ते वीरगळ पाहावयास गेलो. हेब्बाळात २०१८ मध्ये एक जुना कोरीव दगड हाती लागला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा, सुमारे इ. स. ७५० चा, कित्तय्या नावाच्या वीराचा तो स्मृतिलेख. परचक्रात गावाच्या मुलखासाठी लढता लढता तो पडला, म्हणून लोकांनी त्याचे नाव दगडावर ठेवले. वीरगळ हा आमचा मराठी शब्दही कानडी मातीतूनच आलेला आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या देवळांच्या आवारात शेंदूर फासलेले असे कितीतरी दगड आम्ही लहानपणी घोडा घोडा खेळायला वापरले आहेत. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. त्या पट्ट्यांमध्ये आम्ही एक गोष्ट शोधीत उभे राहिलो. खालची लढाई आणि मधला स्वर्ग यांच्या दरम्यान कुठेतरी एक रात्र जात असेल. त्या रात्री तो वीर पाणी मागत असेल. पाणी पाजणाऱ्याची पट्टी आम्ही आजवर कुठल्या वीरगळावर पाहिलेली नाही.

तेथेच आम्हाला आजोळच्या गल्लीतले एक म्हातारे आठवले. ते मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. पोरे त्यांच्याभोवती जमून विचारीत, "आजोबा, किती जर्मन मारलेत?" ते उत्तर देत नसत. एकदाच म्हणाले होते, "रात्री माणसं पाणी मागायची रं. भाषा कळायची न्हाई. पण पाणी मागत्यात हे कळायचं." आम्हा पोरांची या उत्तराने निराशा झाली होती.

मराठा शिपाई इटलीत लढले ते १९४३ ते १९४५ या काळात, सोल्फेरीनोनंतर पंचाऐंशी वर्षांनी. ज्या रेजिमेंटचे केंद्र आज आमच्या या राज्यातच, बेळगावी आहे, त्याच रेजिमेंटची ही गोष्ट. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी पहिल्या पलटणीचा शिपाई नामदेव जाधव याने जे केले त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचा हा तेवीस वर्षांचा तरुण. शत्रूची यंत्रतोफांची ठाणी त्याने एकट्याने बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या तुकड्यांना हात करून पुढे बोलावले, एवढे आम्हाला पाठ होते. त्याच्या गौरवपत्रात त्याआधी काय घडले ते आम्ही आता लक्ष देऊन वाचले. त्याच्या तुकडीतले बहुतेक सर्व जण गोळ्यांनी पडले होते. वरून मारा चालू असताना नामदेवाने एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले. मग परत येऊन दुसऱ्याला तसेच नेले. ठाणी बंद पाडली ती त्यानंतर. पराक्रमाचा आरंभ माणूस उचलण्यापासून झाला होता आणि आम्ही आजवर तो शेवटापासून सांगत आलो होतो. सेनिओच्या त्या भागापासून जवळच फोर्ली येथे भारतीय सैनिकांचे स्मशान आणि दहन झालेल्यांचे स्मारक आहे. तेथील दगडांवर मराठी आडनावे वाचावयास मिळतात.

आणखी एक धागा तर आमच्या हेब्बाळाच्या अगदी शेजारी निघाला. त्याच महायुद्धात आफ्रिकेत पकडलेले हजारो इटालियन सैनिक युद्धकैदी म्हणून हिंदुस्थानात आणले गेले आणि त्यांतले पुष्कळ बेंगळूरुच्या छावण्यांत होते. जलहळ्ळी त्यांपैकीच एक ठिकाण. आमच्या घरापासून पश्चिमेस ते फार दूर नाही. सोल्फेरीनोवर लढलेल्यांची नातवंडे-पतवंडेही त्यांत असतील. ती जगली, त्यांना घरची पत्रे मिळाली, आजारात औषध मिळाले, ते युद्धकैद्यांविषयी १९२९ मध्ये जिनीव्हात झालेल्या कराराच्या आधारे. आणि त्या साऱ्या करारांचे मूळ शोधत गेलो तर आपण कास्तिल्योनेच्या देवळात येऊन पोहोचतो.

कारण द्युनाँ घरी गेला तरी ते देवळातले आवाज त्याच्या कानांतून गेले नाहीत. १८६२ मध्ये त्याने 'सोल्फेरीनोची एक आठवण' हे पुस्तक पदरमोड करून छापले आणि युरोपातल्या राजेरजवाड्यांना वाटले. त्यात त्याने साधा प्रश्न विचारला. शांततेच्या काळातच प्रत्येक देशात मदत करणाऱ्यांची मंडळे तयार का ठेवू नयेत, आणि जखमींना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कोणी हात लावू नये असा करार का होऊ नये? १८६३ मध्ये जिनीव्हात पाच जणांची समिती बसली. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राज्यांनी पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या. पांढऱ्या कापडावरचा तांबडा क्रूस तेव्हापासून रणांगणावर ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. १९६० च्या जिनीव्हा करार कायद्यान्वये त्या चिन्हाचा वाटेल तसा वापर करण्यास मनाई आहे. तरी तो क्रूस आपल्या मोटारीवर चिकटवणारे डॉक्टर आमच्या वसाहतीत तीन आहेत. त्यांना नियम दाखवण्याची हौस आम्हाला पूर्वी होती. आता ती राहिलेली नाही.

सोल्फेरीनोच्या राजकारणाचा शेवट मात्र फारसा उजळ नव्हता. तीनच आठवड्यांच्या आत, ११ जुलैला, तिसऱ्या नेपोलियनने व्हिलाफ्रांका येथे फ्रान्झ जोसेफशी परस्पर तह केला. लोंबार्दी इटलीला मिळाली, व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच राहिले. काव्हूर इतका संतापला की त्याने राजीनामा दिला. व्हेनिससाठी १८६६ आणि रोमसाठी १८७० साल उजाडावे लागले. आणि द्युनाँ? त्याचा धंदा १८६७ मध्ये बुडाला. दिवाळखोर म्हणून जिनीव्हाच्या प्रतिष्ठितांनी त्याला दूर केले आणि त्याच्याच कल्पनेतून उभ्या राहिलेल्या संस्थेतून त्याला बाहेर पडावे लागले. कित्येक वर्षे तो दारिद्र्यात, लोकांच्या विस्मरणात राहिला. १८९५ मध्ये हायडेन गावच्या एका रुग्णालयात एका पत्रकाराने त्याला शोधून काढले, तेव्हा हा माणूस अजून जिवंत आहे हे जगाला कळले. १९०१ चे पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक फ्रेदेरिक पासी यांच्यासह त्याला मिळाले. १९१० मध्ये तो वारला. वाटेत थांबल्यामुळे त्याचे नुकसान झाले असा हिशेब कोणी मांडला तर तो सर्वस्वी चुकीचा ठरणार नाही. आमचे मात्र न थांबल्यामुळे काहीच नुकसान झाले नव्हते. वरिष्ठांनी पाठच थोपटली होती.

व्याख्यानाचा दिवस आला. पंचवीस-तीस मंडळी होती. त्यांत बँकेतले, रेल्वेतले, लेखापरीक्षा खात्यातले, दोन निवृत्त लष्करी अधिकारी आणि त्यांची कुटुंबे होती. तात्या टोपे यांचे वाक्य आम्ही म्हटले आणि त्यावर अपेक्षेप्रमाणे टाळ्या पडल्या. त्यानंतर आम्ही टिपणे बाजूस ठेवली आणि उड्डाणपुलाखालची हकीकत जशी घडली तशी सांगितली. सभेत स्वतःची चूक सांगणे हे आमच्या खात्याच्या वळणात बसत नाही. बोलताना आवाज आमचा आम्हालाच परका वाटत होता. विमानास पन्नास मिनिटे उशीर झाला हे सांगितल्यावर एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

बोलून खाली बसल्यावर पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "मग त्या मुलाचं काय झालं हो?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही त्या जागी दोनदा जाऊन आलो होतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने एवढेच सांगितले की फुले विकणाऱ्या एका बाईने रिक्षा थांबवली, पोराचे डोके मांडीवर घेतले आणि ती त्याला घेऊन गेली. कोणत्या इस्पितळात ते त्याला माहीत नव्हते. ती बाई पुन्हा तेथे दिसली नाही. पोर जगला की नाही हे आम्हाला आजही ठाऊक नाही. तसे आम्ही सांगितले. बाई म्हणाल्या, "बरं झालं, कुणीतरी थांबलं." त्यांच्या स्वरात आम्हाला दोष नव्हता आणि त्यामुळेच मान वर करवेना.

सभागृहाच्या दाराशी आमचा चालक उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण हेब्बाळ हा शब्द आणि आमच्या हातांचे हावभाव यांवरून त्याला काय कळायचे ते कळले असावे. घरी परतताना पुलावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या. आम्ही आमच्या मोडक्या कानडीत त्याला म्हणालो, "इन्नु मुंदे केळबेडी. निल्लिसि." म्हणजे, यापुढे विचारू नका, थांबवा. तो आमच्याहून वयाने मोठा आहे. आरशातून पाहत त्याने मान हलवली आणि म्हणाला, "आयितु, सार."

त्यानंतरच्या महिन्यात प्रथमोपचाराचा वर्ग निघाला तेव्हा आम्ही दोघांनी नावे घातली. सोळा जणांत सर्वांत मंद विद्यार्थी आम्हीच निघालो. रक्त थांबवण्यासाठी कापड कुठे आणि किती दाबावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, हे आम्ही पन्नाशीनंतर आमच्या चालकाच्या अंगावर शिकलो आणि तो आमच्यावर शिकला. गाडीत मागच्या बाजूस आता एक पेटी असते. तिच्यात पट्ट्या, कात्री, पाण्याच्या दोन बाटल्या आणि सौभाग्यवतींनी आग्रहाने ठेवलेली एक जुनी धुतलेली सुती साडी आहे. कचेरीची कागदपत्रे तिच्यावर ठेवू नयेत अशी सक्त ताकीद आहे.

आपणांपैकी पुष्कळ जण असेच कुठे ना कुठे परमुलखी नेमणुकीवर असाल. रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या रस्त्यावरून कोणाच्या तरी भेटीस निघत असाल आणि बहुधा उशीर झालेला असेल. आम्हीही तसेच निघतो. पूल उतरताना मात्र आमची नजर घड्याळाकडे न जाता रस्त्याच्या कडेकडे जाते. अद्याप थांबण्याचा प्रसंग आलेला नाही. फुलवाल्या बायका सिग्नलपाशी दिसतात तेव्हा आम्ही काच खाली करून गजरा घेतो. त्यांतली ती कोणती असेल, याचा तर्क आम्हाला करता येत नाही.